स्वीकृतीच्या पत्रासोबत बिल येतं तेव्हा

मुलांसाठी पहिलंच पुस्तक लिहिणारा किंवा चितारणारा माणूस बहुतेक वेळा एकाच वळणावर फसतो. बाड पाठवून जेमतेम तीन-चार दिवस झालेले असतात आणि ईमेल येते : ‘आमच्या संपादक मंडळाला आपली कथा अतिशय भावली. यंदा निवडलेल्या मोजक्या लेखकांत आपला समावेश झाला आहे. सोबत करार जोडला आहे.’ करार उघडला की तिसऱ्या-चौथ्या पानावर ‘लेखकाचा सहभाग’ असं कलम असतं आणि त्याखाली एक रक्कम. कुणी त्याला सहप्रकाशन म्हणतं, कुणी संयुक्त गुंतवणूक, कुणी निर्मितीशुल्क. अर्थ एकच : पुस्तक छापायचे पैसे तुम्ही भरायचे, आणि तेही छपाईला खरोखर लागतात त्याच्या कितीतरी पट.

पत्र आलं की आधी तारखा बघा. खऱ्या प्रकाशनसंस्थेत बाड आधी रांगेत पडतं, मग संपादक वाचतो, आवडलं तर विक्री सांभाळणाऱ्यांशी बोलतो, पानं-रंग-कागद धरून खर्चाचा अंदाज काढतो आणि मगच होकार कळवतो. यात महिने जातात. तीन दिवसांत आलेला होकार हा वाचून दिलेला होकार नसतो.

पूर्वी एक सोपी परीक्षा होती. पत्रात कथेतल्या पात्रांचा, प्रसंगांचा नावानिशी उल्लेख नसेल तर ते सगळ्यांना जाणारं पत्र आहे, असं समजायचं. आता ती परीक्षा पुरत नाही. बाड कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राच्या हवाली केलं की पात्रांच्या नावांसकट भरभरून कौतुक मिनिटभरात तयार होतं. त्यामुळे कौतुक मोजू नका, हरकती शोधा. ज्याला स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढायचंय तो म्हणतो, ‘अडचण मुलीची आहे, पण ती सोडवतात आजोबा, हे तिनंच सोडवायला हवं.’ किंवा म्हणतो, ‘सहाव्या पानावर गोष्ट थांबते, दोन परिच्छेद काढा.’ पैसे तुमच्याकडून घ्यायचे असतील तर तुम्हाला दुखवून कुणाचाच फायदा नसतो, म्हणून अशा पत्रात एकही हरकत सापडत नाही.

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. छापखान्याला पैसे देऊन प्रती घ्याव्यात, मांडणीकाराला आणि मुद्रितशोधकाला त्यांचं मानधन द्यावं, हक्क आपल्याकडे ठेवावेत, हा सरळ व्यवहार आहे. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा छापून देणारा स्वतःला प्रकाशक म्हणवतो, निवड केल्याचा देखावा करतो आणि खर्च तुमच्याकडून घेऊन हक्कही स्वतःकडे ठेवतो. त्याची कमाई तुम्ही पैसे भरता त्याच दिवशी होऊन गेलेली असते. पुढे एक प्रत खपली काय आणि हजार खपल्या काय, त्याला फरक पडत नाही. म्हणूनच तो पुस्तक दुकानांपर्यंत पोचवायला धडपडत नाही.

चित्रांच्या बाबतीत नवख्या लेखकाचा एक गैरसमज त्याला फार महाग पडतो. चित्रं तयार करूनच बाड पाठवायला हवं, असं त्याला वाटतं. तसं अजिबात नाही. चित्रमय पुस्तकासाठी प्रकाशकाला लेखकाकडून फक्त मजकूर हवा असतो. चित्रकार तो स्वतः निवडतो आणि त्याचं मानधनही तोच देतो. ‘आमच्या पॅनेलवरच्या चित्रकाराकडून चित्रं करून घ्या, त्याचा खर्च वेगळा’ असं कुणी म्हणालं की समजावं, तो दुसरं बिल तयार करतोय. त्या पॅनेलवरची चित्रं पुष्कळदा तयार चित्रसंग्रहातून उचललेली किंवा यंत्रानं बनवलेली असतात. ओळखायला सोपी युक्ती आहे. सगळी पानं शेजारी मांडा आणि एकाच पात्राचे कपडे, केस, उंची, बोटं बघत जा. चौथ्या पानावर तीन बटणांचा असलेला सदरा नवव्या पानावर पाच बटणांचा होतो, पट्ट्यांची दिशा बदलते. खऱ्या चित्रकाराकडे कच्ची रेखाटनं असतात, पात्राचे पुढून-मागून-बाजूनं काढलेले नमुने असतात. ते मागा. नसतील तर पैसे देऊ नका.

छपाईतली लबाडी पुस्तक हातात येईपर्यंत कळत नाही, म्हणून तिचं गणित आधीच माहीत हवं. चित्रमय पुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण १६ पानांचे दोन फॉर्म (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे) म्हणजे कागद वाया न जाता ३२ पानं. त्यातून शीर्षकाचं पान, श्रेयनामावली आणि अर्पणपत्रिका वजा केली की गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. करारात ‘३० पानी रंगीत पुस्तक’ लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला छपाई कळत नाही किंवा मुखपृष्ठाच्या बाजूही त्यानं पानांत धरल्यात. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकाची पानसंख्या ४ च्या पटीतच येते, मग ३० कशी येणार?

कागदाचं वजन करारात आकड्यानं लिहून घ्या. रंगीत चित्रांना १३० ते १५० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम) कागद लागतो. ८० जीएसएमवर छापलं की मागच्या पानावरचा हत्ती पुढच्या पानावरच्या ढगातून दिसतो. चित्राच्या फाइली प्रत्यक्ष आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), चार रंगांच्या छपाईसाठी बदललेल्या आणि कडेनं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा भाग, सोडलेल्या हव्यात. २० सेंटीमीटर रुंदीच्या पानाचं जोडपान म्हणजे ब्लीड धरून सुमारे ४,८०० पिक्सेल रुंदी. तुम्हाला ‘अंतिम चित्र’ म्हणून १,००० पिक्सेलची फाइल दाखवली जात असेल तर मूळ फाइलच तेवढी आहे का, हे विचारा. पडद्यावरचा झगमगीत हिरवा आणि निळा कागदावर मळकट उतरतो, आणि मधल्या शिवणीवर आलेलं पात्राचं तोंड अर्धं घडीत जातं. छपाईआधी कागदावरचा नमुना पाहून सही करायचा हक्क म्हणूनच करारात असायला हवा. पीडीएफ पाहून दिलेली मान्यता पुरेशी नाही.

मग येतात प्रती. ‘पहिली आवृत्ती १,००० प्रतींची’ असं तोंडी सांगितलं जातं आणि करारात मात्र ‘१,००० प्रतींपर्यंत, मागणीनुसार’ असे शब्द असतात. म्हणजे मागणी येईल तशी एकेक प्रत छापायची. गोदामात एकही प्रत नसते. तुम्हाला भेट म्हणून २० प्रती मिळतात, बाकीच्या तुम्हीच ‘लेखक सवलतीत’ विकत घ्यायच्या. छापलेल्या प्रतींचा पुरावा म्हणजे छापखान्याचं बिल. ते दाखवायला खरा प्रकाशक कचरत नाही.

आयएसबीएनच्या नावाखाली तर हातोहात टोपी घातली जाते. हा क्रमांक पुस्तकाची ओळख पटवण्यासाठी असतो. त्यानं कॉपीराइट मिळत नाही, दर्जाची हमीही मिळत नाही. कॉपीराइट तर रचना कागदावर उतरताच आपोआप तुमचा होतो. १८८६ साली झालेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांत त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. आयएसबीएन २००७ पासून १३ अंकी आहे आणि त्याचे पाच भाग पडतात : आधी ९७८ किंवा ९७९, मग देश किंवा भाषेचा गट, मग प्रकाशक, मग पुस्तक आणि शेवटी एक तपासणी अंक. प्रकाशकाचा भाग ज्याच्या नावावर, तो पुस्तकाचा प्रकाशक. ‘तुम्हीच तुमचे प्रकाशक’ असं सांगून क्रमांक मात्र स्वतःच्या नावावरचा देणारे पुष्कळ आहेत.

काही वेळा तर क्रमांकच खोटा असतो. तो कागद-पेन्सिलीनं तपासता येतो. डावीकडून पहिला अंक १ ने गुणा, दुसरा ३ ने, तिसरा १ ने, चौथा ३ ने, असं शेवटपर्यंत. सगळ्यांची बेरीज १० ने निःशेष भागली गेली पाहिजे. नमुन्यादाखल ९७८१२३४५६७८९७ घ्या : ९, २१, ८, ३, २, ९, ४, १५, ६, २१, ८, २७, ७. बेरीज १४०. रचना बरोबर. अर्थात रचना बरोबर असली म्हणजे क्रमांक तुमच्याच पुस्तकाला दिलाय असं सिद्ध होत नाही; ते देशाच्या आयएसबीएन संस्थेकडेच कळतं. पण बेरीज चुकली तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही.

करारातल्या रॉयल्टीच्या कलमापाशी खरं घोडं पेंड खातं. तिथे टक्का किती, यापेक्षा तो कशावर, हे बघायचं. छापील किंमत १०० धरा. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे १०. वितरक आणि दुकानदाराला ५० गेले, तर ‘निव्वळ प्राप्ती’ उरली ५०. तिच्यावर १० टक्के म्हणजे ५. आता ‘निव्वळ नफ्याच्या ५० टक्के’ ही डोळे दिपवणारी भाषा घ्या. त्या ५० मधून छपाईचे ३० वजा झाले, साठवण-हाताळणी-व्यवस्थापन म्हणून आणखी १५ गेले, उरले ५. त्याचे निम्मे अडीच. आणि चित्रमय पुस्तकात रॉयल्टी बहुधा लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटली जाते, म्हणजे प्रत्येकाला सव्वा. ५० टक्क्यांचा करार १० टक्क्यांच्या कराराच्या एक चतुर्थांश पैसे देतो, तो असा. वजावटींची यादी करारात नसेल तर ती कितीही वाढू शकते.

हक्कांच्या कलमात ‘सर्व भाषा, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले की थांबा. छापील पुस्तकाचा हक्क, ठरावीक भाषेत, ठरावीक वर्षांसाठी, एवढंच द्या. बोलकं पुस्तक, ॲनिमेशन, खेळणी, भाषांतर आणि यंत्राला शिकवण्यासाठीचा वापर या प्रत्येकाची वेगळी नोंद हवी. ‘पुस्तक अनुपलब्ध झाल्यावर हक्क लेखकाकडे परत’ हे कलम मागणीनुसार छपाईच्या काळात पोकळ झालंय, कारण असं पुस्तक कधी अनुपलब्ध होतच नाही. त्याऐवजी आकडा लिहून घ्या : वर्षभरात अमुक प्रतींपेक्षा कमी खपल्या तर हक्क परत.

चित्रकारांना गाठायचे मार्ग वेगळे आहेत, आणि ते जास्त क्रूर आहेत असं आमचं मत आहे. एक ईमेल जगभर फिरते : मुलांच्या कार्यशाळेसाठी आठ-दहा चित्रं हवी आहेत, विषयांची यादी सोबत आहे, मानधन तुम्हीच सांगा. लिहिणारा बहुधा आजारी असतो किंवा त्याला ऐकू येत नाही, म्हणून फोनवर बोलता येत नाही. घासाघीस अजिबात होत नाही. मग ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक येतो आणि वरचे पैसे मुद्रकाला किंवा आयोजकाला पाठवायची विनंती. बँकेत रक्कम जमा दिसते, तुम्ही वरचे पैसे पाठवता, आणि दिवसांनी, कधी आठवड्यांनी चेक खोटा ठरून सगळी रक्कम तुमच्या खात्यातून वळती होते. जास्तीचे पैसे देऊन परत मागणाऱ्याशी तिथेच व्यवहार तोडा, तो कितीही आर्जवानं बोलत असला तरी.

बिनपैशाची ‘चाचणी’ हा दुसरा मार्ग. शैली पाहण्यासाठी तुमचा आधीचा संग्रह पुरतो. नमुना हवाच असेल तर कच्चं रेखाटन, लहान फाइल, वर नाव उमटवलेलं. स्पर्धांच्या नियमांत ‘आलेल्या सर्व चित्रांचे हक्क आयोजकांकडे’ असं लिहिलेलं असतं. हरलेल्याचंही चित्र गेलं. काम मिळालं तर मानधन तीन टप्प्यांत ठरवा, करारावर, कच्च्या रेखाटनांवर आणि अंतिम चित्रांवर. काम मध्येच रद्द झालं तर किती द्यायचं तेही आधीच लिहून घ्या. थर सुटे असलेली मूळ फाइल शेवटचा हप्ता आल्याशिवाय देऊ नका, आणि ती द्यायचीच की नाही हे करारात वेगळं ठरवा.

नामांकित संस्थेच्या नावानं आलेली ईमेल असेल तर पत्ता अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी ठेवले की डोळा फसतो. याच युक्तीनं प्रकाशकांच्या आणि एजंटांच्या (लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्यांच्या) नावानं हजाराहून जास्त अप्रकाशित बाडं मिळवणाऱ्या एका इटालियन माणसाला २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, आणि तो स्वतः एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होता. ईमेलला उत्तर देण्याऐवजी संस्थेच्या पुस्तकावर छापलेल्या पत्त्यावर नव्यानं लिहा. एजंट वाचनाचे पैसे मागत असेल तर तो एजंट नाही. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर, बहुधा १५ टक्के, कमिशन घेतो.

पुस्तकमेळ्यातली जागा आणि पुरस्कारही विकले जातात. इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४ पासून बालपुस्तकांचा मेळा भरतो. तिथे हक्कांची खरेदी-विक्री होते ती आधी ठरवलेल्या भेटींतून. पैसे भरून शेकडो पुस्तकांच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक पाहून कुणी संपादक तुम्हाला शोधत येईल, ही आशा विकली जाते, तिच्यापायी खिशाला चाट लावून घेऊ नका.

पैसे गेले असतील तर त्याच दिवशी बँकेला कळवा. कार्डानं भरले असतील तर व्यवहाराला लेखी हरकत घ्या. ईमेली पुसू नका, मूळ तांत्रिक माहितीसकट जपा. करार, पावत्या, संभाषणाची पडदाचित्रं (स्क्रीनशॉट) तारखेनुसार लावा आणि सायबर पोलिसांकडे द्या. करार रद्द करत असल्याचं आणि पुढची छपाई थांबवण्याचं लेखी कळवा. ‘रद्द करण्याचं शुल्क’ मागितलं तर वकिलाला कागद दाखवण्याआधी एक पैसाही भरू नका. पुढच्या काही आठवड्यांत तुम्हाला आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. बोलणारा कायदेशीर सल्लागार असल्याचं सांगेल, तुमच्या पुस्तकाचं नाव, भरलेली रक्कम, तारीख, सगळं त्याला ठाऊक असेल, आणि थोडं शुल्क घेऊन बुडालेले पैसे परत मिळवून द्यायची तयारी तो दाखवेल. ही माहिती त्याच्याकडे फसवणाऱ्यांकडूनच आलेली असते. फोन ठेवा आणि तो नंबरही तक्रारीत जोडा.