प्रायॉरिटी 10 चा मेसेज, आणि तरी रांगेतच

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत ही एजंट सिस्टिम, म्हणजे एकेका यंत्रावर किंवा कामावर नजर ठेवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची यंत्रणा, बसली त्याला आता बरेच महिने झाले. भट्टीचा एजंट, कॉम्प्रेसरचा, वीज डिमांडचा, रिपोर्टचा. सगळे रॅबिटएमक्यू या मेसेज रांगेत लावून पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून बोलतात. डॅशबोर्ड देखणा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं डोकं फिरलं ते एका अलार्मवरून. इंडक्शन भट्टीत रस तयार, आणि कॉइलच्या कूलिंगचं पाणी घटलं. फ्लो स्विचची वायर थेट पॅनेलला गेलेली, म्हणून पॉवर ट्रिप झाली. ऑपरेटरनं वरच्या टाकीचं इमर्जन्सी पाणी सोडलं. सिस्टिमचा 'अर्जंट' मेसेज मोबाईलवर आला तेव्हा गडी निवांत चहा पीत होता!

कंपनीवाले म्हणाले, प्रायॉरिटी मोड्यूल घ्या, पैसे वेगळे. पैशाचं नाव निघालं की मी मॅन्युअल उघडतो. प्रायॉरिटी होतीच की! क्यूला, म्हणजे मेसेजच्या रांगेला, 10 पर्यंत पातळ्या, अलार्मवर 10 चा शिक्का. फक्त प्रीफेचची, म्हणजे एका वेळी किती मेसेज आधीच हातात द्यायचे याची, मर्यादा घातलीच नव्हती. मग ब्रोकर (रॅबिटएमक्यूच) दिसतील तेवढे मेसेज कन्झ्युमरच्या, म्हणजे मेसेज घेऊन काम करणाऱ्या प्रोग्रामच्या, गळ्यात आधीच घालतो, आणि प्रायॉरिटी चालते ती क्यूत थांबलेल्यांपुरती. तापमानाचे रटाळ आकडे पुढे, अलार्म मागे. यात रॅबिटएमक्यूचा दोष नाही, बसवणाऱ्याचा आहे. प्रीफेच 1 केला. वेग जरा घटतो, पण आमच्या मापाला चालतं आणि खर्च शून्य. तेव्हा चार स्टार द्यायच्या विचारात होतो.

मग महिनाअखेर आली. रिपोर्टचं काम अलार्मच्याच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणारा धागा), आणि हातातलं काम मध्येच सोडायची सोयच नाही. क्यूत पहिला नंबर असून अलार्म ताटकळला. शेवटी अलार्मसाठी वेगळी क्यू आणि वेगळा कन्झ्युमर ठेवला; तो दुसरं कशालाच हात लावत नाही. तेव्हापासून मेसेज लगेच येतो, खोटं कशाला बोलू.

आणि त्या दहा पातळ्या कशाला? डिस्पॅचवाल्यांनी गाडी लागल्याच्या मेसेजलाही 9 लावून ठेवलेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका. महापुरात अख्खं कोल्हापूर या दोन आकड्यांवर हलतं. आम्हीही दोनच ठेवल्या.

तीन स्टार. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नव्या बिलात 'प्रायॉरिटी सपोर्ट' अशी एक ओळ वाढलीय. ती खोडल्याशिवाय चेक निघणार नाही.