बॅटरी उतरली, जंप दिला, तरी गाडी बंद पडते: खर्च बॅटरीवर करायचा, अल्टरनेटरवर की थ्रॉटलवर?

गेल्या दिवाळीत आमची पेट्रोल गाडी तीन आठवडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागची हलली नव्हती. गावाहून आलो, किल्ली फिरवली, तर नुसता टक-टक आवाज. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबल जोडून जंप दिला, इंजिन लगेच सुरू झालं आणि मी कामाला निघालो. नळ स्टॉपच्या सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी बंद. सेल्फ मारला की लगेच सुरू. कर्वे पुतळ्यापाशी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी बॅटरी गेल्याचं सांगण्यात आलं, म्हणून नवी बसवली. गाडी सिग्नलला बंद पडायची ती पडतच राहिली.

पुढच्या पावसाळ्यात मेहुणे साताऱ्याहून पुण्याला येत होते. रात्र, मुसळधार पाऊस, हेडलाइट, वायपर, काचेवरचा ब्लोअर, सगळं चालू. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला, तो त्यांनी तासभर तसाच राहू दिला. खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडले, वायपर जड चालायला लागले आणि चालत्या गाडीतच इंजिन बंद झालं. ढाब्यावर एका ट्रॅव्हलरवाल्याने जंप दिला. केबल काढली त्याच क्षणी गाडी पुन्हा बंद. बॅटरी तर आठ महिन्यांपूर्वीच घेतलेली.

गॅरेजमध्ये आम्ही दोघांनी एकच वाक्य सांगितलं होतं: "बॅटरी उतरली होती, आता गाडी बंद पडते." माझ्या गाडीला थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करणं पुरलं. त्यांच्या अल्टरनेटरचे, म्हणजे चालू इंजिनावर वीज तयार करणाऱ्या भागाचे, कार्बन ब्रश झिजले होते. तुमच्यावर ही वेळ आली असेल, तर खिशात हात घालण्याआधी एक गोष्ट नीट आठवा: गाडी बंद पडते ती नेमकी कधी?

चालत्या गाडीत की पाय काढल्यावर?

बॅटरीचं मुख्य काम सेल्फ फिरवण्याचं. इंजिन सुरू झालं की पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर), दिवे यांना लागणारा करंट अल्टरनेटर देतो आणि उरलेला बॅटरीत भरतो. त्यामुळे बॅटरी नुसती अशक्त असली, तर गाडी सुरू व्हायला त्रास देईल, पण सुरू झालेली गाडी सहसा बंद पाडणार नाही. आतला एखादा सेल शॉर्ट झाला असेल किंवा टर्मिनल ढिलं असेल, तर गोष्ट वेगळी. "बंद पडते ना, मग बॅटरीच" हे म्हणूनच मला पटत नाही. बंद पडणाऱ्या गाडीत बॅटरीवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

अल्टरनेटर गेला असेल तर गाडी बॅटरीतल्या शिलकीवर चालते. दोन हॅलोजन हेडलाइट मिळून ११०-१२० वॉट, म्हणजे एकटे हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर खातात. त्यावर ब्लोअर, वायपर, पेट्रोल पंप. छोट्या पेट्रोल गाड्यांत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी सर्रास असते. पावसाळी रात्री ती तासाभरात रिकामी होऊ शकते, दिवसा सगळं बंद ठेवलं तर बरीच जास्त टिकते. एका गाडीला दहा मिनिटं आणि दुसरीला दीड तास लागला, तरी बिघाड एकच असू शकतो. खुणा मात्र ठरलेल्या: लाल दिवा, मंद होत जाणारा प्रकाश, आणि बंद पडल्यावर सेल्फही न फिरणं.

थ्रॉटलची गोष्ट अगदी उलट. गाडी वेगात छान पळते, ओढही चांगली असते. पाय काढला, क्लच दाबला, सिग्नलला थांबलो की आरपीएमचा काटा खाली घसरतो, इंजिन थरथरतं आणि बंद. एसी चालू असेल तर आणखी लवकर. पण सेल्फ दणक्यात फिरतो, दिवे लख्ख असतात.

हे होतं का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात. आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिनला लागणारी हवा थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेच्या बारीक फटीतून जाते. इंजिनातल्या तेलकट वाफा त्या कडेवर काळा थर धरतात आणि फट अरुंद होत जाते. ईसीयू ते ओळखून पाकळी दरवेळी थोडी जास्त उघडायला शिकतो. वर्षानुवर्षं हे इतकं हळू चालतं की आपल्याला कळतही नाही. मग एक दिवस बॅटरी पूर्ण उतरते किंवा कोणी टर्मिनल काढतं, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू ही शिकलेली गोष्ट विसरतो. तो पाकळी नव्या गाडीइतकीच उघडतो. थर मात्र जुनाच असतो. हवा कमी पडते आणि इंजिन गुदमरतं. थ्रॉटल आधीच घाण झालेला होता, बॅटरी उतरल्यामुळे ते फक्त उघड झालं. जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या गाड्यांत आयडलिंगसाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो, तिथेही असंच घडतं.

डिझेलवाल्यांनी इकडे फार लक्ष देऊ नये. डिझेल इंजिनचं आयडलिंग हवेवर नाही, इंधनाच्या मात्रेवर सांभाळलं जातं. तुमची डिझेल गाडी बॅटरी उतरल्यानंतर बंद पडत असेल, तर आधी चार्जिंग आणि वायरिंग बघा.

निकाल देणारा मल्टीमीटर

तीनशे-चारशे रुपयांचा साधा मल्टीमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बॉनेट उघडून बॅटरी मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.

आता गाडी सुरू करा, हेडलाइट आणि ब्लोअर लावा, कोणाला तरी आरपीएम १५०० वर धरायला सांगा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा स्थिर राहिला तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. आकडा १३ च्या खाली असेल आणि बघता बघता आणखी उतरत असेल, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, तो बॅटरी उकळवून मारेल. काही नव्या गाड्या बॅटरी भरली की मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवतात, म्हणून त्यांत एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका, दिवे लावून पुन्हा मोजा.

आणखी एक मोजमाप बहुतेक जण करत नाहीत. मीटरच्या टोच्या आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, मग त्या खुंटीवर बसलेल्या क्लॅम्पवर. गाडी चालू असताना दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. माझ्या बहिणीच्या गाडीत खुंटीवर १२.५ आणि क्लॅम्पवर १४.२ आले. अल्टरनेटर करंट देत होता, पण मधल्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीमुळे तो बॅटरीपर्यंत पोचतच नव्हता. गाडी बंद करून आधी काळा क्लॅम्प, मग लाल काढला, गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून तारेच्या ब्रशने घासलं, पुसून आवळून बसवलं आणि वर व्हॅसलिनचा हात फिरवला. खर्च शून्य. म्हणून सुरुवात इथूनच करा.

एक गोष्ट अजिबात करू नका. अल्टरनेटर तपासायला चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघण्याची जुनी पद्धत अजूनही दिसते. त्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि ईसीयू जळू शकतो. कोणी वायरला हात घालायला लागलं तर थांबवा, मीटर पुढे करा.

जंप देताना केबल उलट लागली होती का, हेही आठवून बघा. तसं झालं असेल तर मुख्य फ्यूज उडालेला असू शकतो, आणि मग धडधाकट अल्टरनेटरही मेल्यासारखा वाटतो. फ्यूज आधी, अल्टरनेटर नंतर.

आता पर्याय समोरासमोर ठेवू

जुनी बॅटरी चार्ज करायची की नवी घ्यायची? गाडी उभी राहून बॅटरी उतरली असेल तर मी आधी चार्ज करेन. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, ईसीयू थोडा करंट घेतच असतात, ५० मिलीअँपिअरपर्यंत तो ठीक मानतात. त्या हिशेबाने दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. ३५ च्या बॅटरीतून २५ गेले तर सेल्फ कसा फिरणार? यात बॅटरीचा काही दोष नाही. पण "अर्धा तास हायवेवर फिरवून आणतो, भरेल" हेही पुरेसं नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर दहा-बारा तास लावावी लागते, आणि तिला भरण्याचा सगळा ताण अल्टरनेटरवर टाकणं त्याच्यासाठीही बरं नाही. चार्जिंगनंतर चार-पाच तास तशीच ठेवा आणि मोजा. १२.५ च्या वर टिकली तर वापरा. १२.२ च्याही खाली आली, किंवा सेल्फ मारताना ९.६ च्या खाली कोसळली, तर तिचे दिवस भरले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन ते पाच वर्षं हे बॅटरीचं ठीक आयुष्य आहे. चार वर्षांची बॅटरी आठवडाभर रिकामी पडून राहिली असेल, तर मी चार्जिंगमध्ये वेळ घालवणार नाही.

नवी घ्यायचीच असेल तर ३५ अँपिअर-अवरची साधारण साडेतीन ते पाच हजारांत येते, जुनी परत दिली की त्यातून काही रक्कम वजा होते. वॉरंटीचे महिने ऐकताना त्यातले किती महिने फुकट बदलून मिळेल आणि किती महिने फक्त सवलत मिळेल, हे दोन आकडे वेगळे विचारून घ्या.

अल्टरनेटर दुरुस्त करायचा की नवा? ब्रश, रेग्युलेटर, बेअरिंग गेलं असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दुरुस्तीच घ्या. मेहुण्यांचं काम अडीच हजारांत झालं. नव्याला दहा हजारांच्या आसपास मोजावे लागले असते. आतलं वाइंडिंग जळलं असेल, किंवा गाडी रोज घाटातून आणि रात्रीची जात असेल, तर मात्र मी नव्याकडे झुकेन. खोलण्याआधी पट्टा बघायला सांगा. सैल किंवा चकाकी आलेला पट्टा घसरतो आणि पावसात किंचाळतो. तेवढाच दोष असेल तर काम किरकोळ.

थ्रॉटल साफ करायचा की नुसतं आयडलिंग पुन्हा शिकवायचं? शिकवणं फुकट आहे, म्हणून ते आधी करून बघा. एसी, दिवे, म्युझिक सगळं बंद. किल्ली ऑन करून दहा सेकंद थांबा, मग पाय न लावता गाडी सुरू करा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत न्यूट्रलमध्ये चालू राहू द्या, पंधरा मिनिटं तरी जातील. मग एसी लावून आणखी पाच मिनिटं. हे मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये धूर जीवघेणा ठरतो. काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते, गाडीसोबतच्या पुस्तकात बघून घ्या. दोन दिवस चालवून फरक पडला नाही, तर हजार-दीड हजारात थ्रॉटल साफ करून घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर सफाईनंतर स्कॅनर (ईसीयूला जोडायचं यंत्र) लावून शिकवून देणार का, हे आधीच विचारा. ते राहिलं तर आयडलिंग उलट वर चढून बसू शकतं. माझ्या गाडीला शिकवण्याने निम्मा फरक पडला, उरलेला सफाईने.

बोलवायचं कोणाला?

जंप केबल काढल्याबरोबर गाडी बंद पडत असेल तर चालवत नेऊ नका, टो करून न्या किंवा इलेक्ट्रिशियनला तिथेच बोलवा. दुसरी चांगली बॅटरी घालून दिवसाउजेडी, दिवे-ब्लोअर बंद ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, पण घाटात आणि हायवेवर हा धोका पत्करू नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. गाडी फक्त सिग्नलला बंद पडत असेल, तर एसी बंद ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते.

चार्जिंगच्या बिघाडाला मी ऑटो इलेक्ट्रिशियन निवडेन, थ्रॉटलला स्कॅनर असलेलं गॅरेज. घरी येऊन बॅटरी बसवून देणारे सोयीचे आहेत, पण बॅटरी जाणार हे पक्कं ठरल्यावरच त्यांना फोन करा. ते आले की नवी बसवून झाल्यावर गाडी सुरू ठेवून, दिवे लावून, चार्जिंगचा आकडा तुमच्यासमोर मोजायला लावा आणि तो बिलावर लिहून घ्या. आमच्या नव्या बॅटरीच्या बिलावर तो लिहिलेला नव्हता. मेहुण्यांनी परवा अल्टरनेटरचं काम झाल्यावर लिहून घेतला: १४.१.