इंग्रजी-तुर्की कोश, दहा महिन्यांच्या वापरानंतर: ‘ब्रेक’ या एका शब्दाचा अनुभव

इचलकरंजीत आमचं लहानसं वर्कशॉप आहे. मागाचे सुटे भाग बनवतो, त्यातही जास्त करून सूत तुटलं की माग थांबवणाऱ्या यंत्रणेचे. दहा महिन्यांपूर्वी तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातून पहिली ऑर्डर आली. अट एकच होती. वापराची पुस्तिका आणि मशीनच्या पडद्यावर उमटणारे संदेश तुर्कीत हवेत. इंग्रजी पुस्तिका तयार होती. मी वर्षभर ऑनलाइन वर्गात तुर्की शिकलो होतो, वाचता येत होतं, जुजबी बोलता येत होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

त्यासाठी दोन साधनं घेतली. फोनवरचं भाषांतराचं एक ॲप, वर्गणी भरून. आणि इंग्रजी-तुर्की असा जाडजूड छापील कोश, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. दहा महिने रोज हाताखाली असलेल्या वस्तूबद्दल आता खात्रीने बोलता येईल, म्हणून लिहितो आहे. सगळं लिहायचं तर फार होईल. एकाच शब्दावरून सांगतो, कारण त्या शब्दाने माझी सगळ्यात जास्त परीक्षा घेतली. शब्द आहे ‘ब्रेक’.

आमच्या पुस्तिकेत तो 19 वेळा आला होता. ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला, ‘वार्प ब्रेक’. बाण्याचा, म्हणजे आडवा तुटला, ‘वेफ्ट ब्रेक’. नाजूक भाग हाताळताना मोडू नका, तिथे ‘ब्रेक’. वीजपुरवठा तोडणारं बटण, तिथे ‘ब्रेकर’. मशीन बंद पडलं, ‘ब्रेकडाउन’. कामगाराची चहाची सुट्टी, पुन्हा ‘ब्रेक’. शिवाय मागाचा खराखुरा ब्रेक. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं, पण आपल्या तोंडी दोन्ही एकच, आणि आमच्या मूळ पुस्तिकेत दोन ठिकाणी ती अदलाबदल झालेलीही सापडली.

ॲपबद्दल आधी सांगतो. पूर्ण वाक्य दिलं तर ते बरंच सावरतं. ‘बाण्याचा धागा तुटल्यावर मशीन आपोआप थांबते’ असं वाक्य इंग्रजीतून दिलं तेव्हा तुर्की बरोबर आलं. पण पडद्यावरचे संदेश दोन-दोन शब्दांचे असतात, तिथे मागेपुढे काहीच नसतं. ‘वेफ्ट ब्रेक’चं त्याने ‘आत्की मोलासी’ केलं. आत्की म्हणजे बाणा, हे बरोबर. मोला म्हणजे प्रवासात बस ढाब्यावर थांबते किंवा कामगार चहाला जातो ती विश्रांती. म्हणजे पडद्यावर झळकणार होतं ‘बाण्याची विश्रांती’. रात्रपाळीत माग थांबलेला आणि कामगाराला हा संदेश दिसतो, याची कल्पना करून पाहा. तो धागा शोधणार नाही, तो गोंधळणार. मिनिटामिनिटाने उत्पादन बुडतं ते अशाने.

मग कोश उघडला. ‘ब्रेक’खाली कितीतरी अर्थ होते, आणि अडचण तिथेच होती. ‘किर्माक, पार्चालामाक, कोपार्माक, बोझ्माक’ असे शब्द स्वल्पविराम देऊन ओळीने मांडलेले. (तुर्की क्रियापदाच्या शेवटी ‘माक’ किंवा ‘मेक’ लागतं, आपल्या ‘णे’सारखं.) यातला कुठला कशासाठी, हे स्वल्पविराम सांगत नाही. ज्याची मातृभाषा तुर्की आहे त्याला ही ओळ पुरते, त्याला आतून माहीत असतं. मला बाहेरून जायचं होतं. कोशाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती दहा महिन्यांत कमी झालेली नाही.

सुटका झाली ती बुर्साच्या कारखान्यातल्या मास्तरांमुळे. तिकडे अशा जाणकार कारागिराला ‘उस्ता’ म्हणतात. आपला उस्ताद, कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद, तोच शब्द. आमच्याकडे माग नीट चालते ठेवणाऱ्या ज्या कारागिराला जॉबर म्हणतात, त्याचं काम ते करतात. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना ‘आत्की मोलासी’ वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांनी बॉबिनचं सूत ओढलं, ते तटकन गेलं, म्हणाले, ‘कोप्तू’. चहाच्या काचेच्या पेल्यावर बोट आपटल्यासारखं केलं, म्हणाले, ‘हा पडला तर किरिल्दी’. मग मागे बंद पडलेल्या मोटरीकडे हात केला, ‘बोझुल्दू’.

माझ्या तोंडून आपोआप निघालं: तुटलं, फुटला, बिघडली.

त्या क्षणी मला कळलं की मी दोन महिने उगाच इंग्रजीच्या दारातून वाकून जात होतो. इंग्रजीला सूत, पेला आणि मोटर या तिघांसाठी एकच शब्द पुरतो. मराठीला पुरत नाही आणि तुर्कीलाही पुरत नाही. सूत तुटतं, काठी मोडते, काच फुटते, कापड फाटतं, यंत्र बिघडतं. हे आपण शाळेत शिकलेलो नाही, लहानपणीच अंगवळणी पडलेलं असतं. तुर्कीत सूत ‘कोपार’, काच ‘किरिलिर’, कापड ‘यिर्तिलिर’, यंत्र ‘बोझुलुर’. तेव्हापासून मी कोश उघडण्याआधी स्वतःला मराठीत विचारतो: इथे नेमकं काय झालंय? मगच त्या स्वल्पविरामांच्या ओळीत शिरतो. काम निम्म्या वेळात होऊ लागलं.

पडद्यावर आता ‘आत्की कोपुशू’ आणि ‘च्योझ्ग्यु कोपुशू’ असे संदेश येतात. च्योझ्ग्यु म्हणजे ताणा. ‘कोप्माक’वरून ‘कोपुश’, म्हणजे तुटणं या क्रियेचं नाव. सुताची ताकद मोजतात त्या आकड्यालाही तिकडे ‘कोप्मा’वरूनच नाव आहे. मागाचा ब्रेक मात्र सरळ ‘फ्रेन’, फ्रेंचमधून आलेला. ब्रेकडाउनला ‘आरिझा’, हा अरबी. वीज तोडणारा ब्रेकर ‘देवरे केसिजी’, म्हणजे मंडल कापणारा. तिथे तोडणं नाही, कापणं आहे.

सुट्टीच्या बाबतीत कोशाने मला मनापासून आनंद दिला. कामाच्या किंवा प्रवासाच्या मधली ती ‘मोला’, शाळेची मधली सुट्टी ‘तेनेफ्युस’, ज्याचा मूळ अर्थ श्वास घेणं, आणि सिनेमाचं मध्यंतर ‘आरा’. हे तिन्ही वेगवेगळे, संदर्भासकट दिले होते. जिथे नाम आहे तिथे कोश नेमका आहे. क्रियापद आलं की त्याचा हात सैल होतो.

पण कोणी असं समजू नये की मराठी हा तुर्कीचा आयता नकाशा आहे. तसं मानून मी एकदा फसलोही. काच फुटते आणि हाड मोडतं, असा आपण फरक करतो. तुर्कीला तो नाही, दोन्ही ‘किरिल्माक’. उलट ‘बोझ्माक’ आणि ‘बोझुल्माक’ या जोडीचा पसारा बघा. यंत्र बिघडतं तेही तेच, दूध नासतं तेही तेच, आभाळ भरून येऊन हवा बिघडते तेही तेच. आणि नोट सुट्टी करून घेतात ती ‘बोझ्दुर्माक’, सुट्ट्या पैशांना ‘बोझुक पारा’. आपण ‘शंभराची मोड आहे का?’ विचारतो. इथे मोड आणि तिथे बोझुक, नोट दोन्हीकडे मोडलीच, फक्त वेगळ्या क्रियापदाने.

(‘फक्त’ म्हटलं म्हणून सांगून ठेवतो. तुर्कीत ‘फाकात’ आहे, मूळ अरबी तेच, पण त्याचा अर्थ ‘पण’. सुरुवातीला प्रत्येक पत्रात मी इथे अडखळलो.)

एक जोडी मात्र अशी सापडली की मी त्या रात्री घरच्यांना बसवून सांगितली. इंग्रजीत उपवास ‘ब्रेक’ करतात, मग तो वेळ झाल्यावर सोडलेला असो की मध्येच चुकून काही खाल्ल्यामुळे गेलेला. मराठीत उपवास सोडणं वेगळं आणि मोडणं वेगळं. आईला कोणी ‘एकादशी मोडलीस?’ विचारलं तर ती दुखावेल. ‘सोडलीस का?’ विचारलं तर म्हणेल, हो, बारशीला सकाळी. तुर्कीत रोजाला ‘ओरुच’ म्हणतात. सूर्यास्ताला तो ‘आच्माक’, म्हणजे उघडायचा. मध्येच गेला तर ‘बोझ्माक’. रमझानमध्ये उस्तांना संध्याकाळी संदेश पाठवताना मी कोशातला पहिला शब्द उचलला असता तर त्यांना विचारलं असतं, ‘रोजा मोडलात का?’ मराठीमुळे वाचलो.

ज्यांना हे काम नवीन आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेम्स रेडहाउस (1811–1892) या इंग्रज कोशकाराचा 1890 सालचा प्रसिद्ध कोश तुर्कीकडून इंग्रजीकडे जाणारा आहे. आपल्याकडे मोल्सवर्थचा 1831 सालचा कोशही मराठीकडून इंग्रजीकडे जातो. त्या दिशेने जाणं वेगळं. तिथे ‘तुटणे’ हा शब्द हातात असतो आणि त्याचे पदर उलगडायचे असतात. आपण उलट्या दिशेने, इंग्रजीकडून निघतो, तेव्हा हातात सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं असतं. म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी-तुर्की कोश एकटा घेऊ नका, तुर्की-इंग्रजीही सोबत ठेवा, आणि मिळालेला प्रत्येक शब्द उलटा तपासा. तिसरी पायरी म्हणजे तुर्की-तुर्की कोश. 1932 साली स्थापन झालेल्या त्युर्क दिल कुरुमू या भाषासंस्थेचा कोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात उदाहरणाची वाक्यं असतात. खरा निकाल त्या वाक्यांत लागतो.

जुना कोश घेताना आणखी एक बघायचं. 1928 मध्ये तुर्कीची लिपी बदलली, अरबी जाऊन रोमन आली, आणि पुढच्या दशकांत अरबी-फारसी शब्द काढून नवे तुर्की शब्द आणायचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. त्यामुळे जुन्या आवृत्तीतला शब्द चूक नसतो, पण बुर्साच्या विशीतल्या कामगाराच्या तोंडी तो नसतो. माझ्या कोशाने ‘ब्रेक’साठी दिलेला ‘फासिला’ मी उस्तांना म्हणून दाखवला तेव्हा ते म्हणाले, हा माझ्या आजोबांचा शब्द.

बांधणी उत्तम. दहा महिने रोज उघडला, शिवण उसवलेली नाही. कागद पातळ आहे, मागच्या पानाची शाई थोडी दिसते, रात्री डोळे दुखतात. वजन इतकं की वर्कशॉपमध्ये नेता येत नाही, टेबलावरच वापरायचा.

शिवण उसवण्यावरून आठवलं. ‘डे-ब्रेक’ शोधताना कोशात ‘शाफाक स्योक्मेक’ मिळालं. स्योक्मेक म्हणजे शिवण उसवणं, टाके काढणं. आपल्याकडे तांबडं फुटतं, तिकडे पहाट उसवते. पुस्तिकेत याचा काडीचा उपयोग नाही. तरी मी ते लिहून ठेवलं.

आता सहाव्या महिन्यातला प्रसंग. आमच्याकडून एका भागाबद्दलच्या प्रश्नाला आठ दिवस उत्तर गेलं नाही. मी बाहेरगावी होतो, दुसऱ्या कोणी ते पाहिलं नाही. परत आलो तर उस्तांचा एकच शब्द आलेला होता: ‘किरिल्दिम’. ॲपने इंग्रजीत सांगितलं की मी मोडलो आहे. मला धस्स झालं. हात मोडला, की कारखाना बुडाला? सोबत ठेवलेल्या तुर्की-इंग्रजी कोशात ‘किरिल्माक’खाली चौथ्या-पाचव्या ओळीत होतं: मन दुखावणं, नाराज होणं. त्यांना म्हणायचं होतं, मला वाईट वाटलं. तुर्कीत मनही काचेसारखं किरिलतं. आपण ‘त्याचं मन मोडवेना’ म्हणतो, त्याच्या फार जवळचं. सुतासारखं ते ‘कोप’ झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. संबंध तोडण्याला ‘कोपार्माक’ आहे, आणि तो शब्द त्यांनी वापरला नव्हता. एवढा फरक कळण्यासाठी कोशाची सगळी किंमत वसूल झाली असं मी मानतो.

मी लगेच फोन लावला आणि म्हणालो, ‘कुसुरा बाकमायिन, उस्ता.’ शब्दशः अर्थ, कसुरीकडे पाहू नका. कसूर हा शब्द दोन्हीकडे एकच. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, चहा घेतलास का?

घ्यावा का, तर घ्यावा. तांत्रिक काम करणाऱ्याने नक्की घ्यावा, पण सोबत एक कोरी वही घ्यावी. माझ्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये मराठी आणि उजवीकडे तुर्की आहे. ‘ब्रेक’ला चार पानं लागली. ॲपची वर्गणी या महिन्यात संपते, ती मी पुन्हा भरणार आहे, फक्त लांब वाक्यांसाठी. दोन शब्दांच्या संदेशासाठी ते वापरणार नाही.

पुढची ऑर्डर आली आहे, या वेळी नव्या मशीनसाठी. पुस्तिकेत ‘रन’ हा शब्द 32 वेळा आहे. मशीन चालतं, पाणी वाहतं, रंग जातो, कारखाना चालवतात. वहीचं नवं पान काढलं आहे आणि मधला रकाना आधी भरायला घेतला आहे.