मॅकवरून दिलेल्या ड्राइव्हमधल्या लपलेल्या फाइली: कुठे पुसायच्या, कशाने पुसायच्या

मॅकवर पेनड्राइव्ह भरून विंडोजवाल्याच्या हातात दिला की थोड्याच वेळात फोन येतो, "अरे, निम्मे फोटो उघडतच नाहीत." त्याच्या स्क्रीनवर काय दिसत असतं ते सांगतो. फोल्डरच्या सुरुवातीला फायलींची एक रांग, प्रत्येकीच्या नावाआधी टिंब आणि अंडरस्कोर, शेवटी जेपीजी, आकार बहुतेक वेळा ४ केबी. त्यातली एक उघडली की "ही फाइल उघडता येत नाही". खरे फोटो त्याच फोल्डरमध्ये खाली सुखरूप असतात, पण माणूस तिथवर पोचतच नाही.

साफसफाईच्या चार वाटा आहेत: विंडोजवर हाताने पुसणं, टर्मिनलमधून (मॅकवरचं आज्ञा टाइप करायचं अ‍ॅप) आज्ञा देणं, आपोआप पुसणारं अ‍ॅप ठेवणं, किंवा कॉपी करतानाच या फाइली तयार होऊ न देणं. यातली कुठली निवडायची हे एका प्रश्नावर ठरतं: हा ड्राइव्ह, किंवा त्यातल्या फाइली, पुन्हा मॅकवर येणार आहेत का?

हा प्रश्न का, ते नीट समजून घ्या. टिंब-अंडरस्कोरवाली फाइल ही सरसकट कचरा नसते. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशपासून मॅकवरच्या फायलीला दोन भाग असू शकतात: एक नेहमीचा मजकूर आणि दुसरा 'रिसोर्स फोर्क', म्हणजे पूरक माहितीचा कप्पा. पुढे त्यात रंगीत टॅग, शेरे, इंटरनेटवरून उतरवल्याचा शिक्का अशा जादा नोंदींची भर पडली. मॅकच्या स्वतःच्या डिस्कवर हे सगळं फायलीलाच चिकटून राहतं. फॅट३२ किंवा एक्सफॅट (मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालणारे फॉरमॅट) ड्राइव्हवर त्याला जागाच नाही, म्हणून मॅक ते वेगळ्या फायलीत ठेवतो. या रचनेला अ‍ॅपलडबल म्हणतात. साध्या फोटोच्या बाबतीत ती पुसली तर फार तर टॅग जातात. पण मॅकचे काही जुने फॉन्ट असे आहेत की सगळा फॉन्ट रिसोर्स फोर्कमध्ये आणि मुख्य फाइल शून्य बाइटची. तिथे टिंबवाली फाइल पुसली तर फॉन्टच गेला. म्हणून माझा नियम साधा आहे: जोडीची मुख्य फाइल शून्य बाइटची दिसली की हात आवरायचा.

डीएस-स्टोअर नावाच्या फायलीचं तसं नाही. तिच्यात फाइंडरच्या (मॅकवर फाइली बघायचं अ‍ॅप) खिडकीची मांडणी असते, आयकॉन कुठे ठेवलेत वगैरे. ती बेलाशक पुसा. उलट ती राहू देण्यातच धोका आहे, कारण तिच्यात फोल्डरमधल्या फायलींची नावं सापडू शकतात. वेबसाइटच्या फोल्डरसोबत ती सर्व्हरवर चढली तर बाहेरच्याला ती नावं वाचता येतात.

आता वाटांकडे वळू.

हाताने पुसणं एका फोल्डरपुरतं ठीक. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवा, आकारानुसार लावा, लहानग्या एका बाजूला येतील. फोल्डरात फोल्डर असतील तर मात्र काही ना काही राहतंच. आणि घाईत खरा फोटो निवडला गेला तर पेनड्राइव्हवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट नाहीसं होतं. म्हणूनच ज्याला ड्राइव्ह दिला त्याच्यावर हे काम सोपवणं मला पटत नाही. ज्याच्याकडे मूळ प्रत आहे त्यानेच साफ करून द्यावं.

टर्मिनलची वाट सगळ्यात खात्रीची. मॅकवर 'फाइंड' ही आज्ञा सगळे फोल्डर धुंडाळून नावाप्रमाणे फाइली पुसते. आधी पुसण्याचा पर्याय न लावता ती चालवा, यादी डोळ्याखालून घाला, मग पुसा. शेजारीच 'डॉट क्लीन' आहे, आणि अनेकजण तिला झाडू समजतात. तिचं मूळ काम जोडण्याचं आहे: टिंबवाल्या फायलीतली माहिती मूळ फायलीत परत घालायची. त्यामुळे ड्राइव्हवरचा मजकूर मॅकच्या डिस्कवर परत आला असेल तर तीच वापरा. डीएस-स्टोअरला ती हात लावत नाही.

अ‍ॅपचा पर्याय रोज ड्राइव्ह देणाऱ्यांसाठी. ब्लूहार्वेस्टसारखं अ‍ॅप मागे चालू राहतं आणि ठरवून दिलेल्या डिस्कवरून हे सगळं काढत राहतं. पैसे मोजावे लागतात, पण महिन्यातून दहा वेळा ड्राइव्ह बाहेर जात असेल तर वसूल होतात. बॅकअपची डिस्क तेवढी त्यातून वगळा.

माझा कौल चौथ्या वाटेला. मॅकच्या 'सीपी' या कॉपी करायच्या आज्ञेला कॅपिटल एक्सचा पर्याय दिला की जादा नोंदी कॉपीच होत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी फाइल काढायची गरजच पडत नाही. 'आरसिंक' ही कॉपीची दुसरी आज्ञा तर मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या नेतच नाही, फक्त डीएस-स्टोअर नावाने वगळावी लागते. झिप फाइंडरमधून केली तर आत मॅकओएसएक्स नावाचा आगंतुक फोल्डर येतो. टर्मिनलच्या झिपला तोच कॅपिटल एक्स दिला की येत नाही. मात्र कॉपी झाल्यावर ड्राइव्ह फाइंडरमध्ये उघडून बघत बसू नका, लगेच इजेक्ट करा. नाहीतर डीएस-स्टोअर पुन्हा हजर.

"४ केबीच तर आहे" म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी एक हिशेब. विंडोजवर नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ३२ जीबीहून मोठ्या एक्सफॅट ड्राइव्हवर जागा १२८ केबीच्या तुकड्यांनी दिली जाते. फाइल ४ केबीची असली तरी अख्खा तुकडा अडतो. १०,००० फोटोंच्या १०,००० टिंबवाल्या फाइली म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. त्याहून जास्त जागा 'ट्रॅशेस' नावाचा लपलेला फोल्डर खाऊ शकतो. मॅकवर ड्राइव्हमधून पुसलेलं तिथेच पडून असतं, म्हणून ड्राइव्ह लावलेला असतानाच कचरापेटी रिकामी करा.

नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कचं गणित वेगळं. तिथे डीएस-स्टोअर तयारच होऊ नये अशी सेटिंग मॅकमध्ये टर्मिनलमधून करता येते आणि ती करावीच. टिंबवाल्या फाइली मात्र सर्व्हरवर बसून सरसकट पुसू नका. सांबा या नेटवर्कवर फाइली पुरवणाऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या मॅकसाठीच्या मोड्यूलमध्ये रिसोर्स फोर्क याच फायलींत ठेवला जाऊ शकतो.

विंडोजकडून मॅककडे येणाऱ्यांचा त्रास कमी. थम्ब्स-डीबी आणि डेस्कटॉप-आयएनआय या विंडोजच्या लपलेल्या फाइली पुसल्या तर बिघडत नाही, फार तर फोल्डरचा खास आयकॉन जातो. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर पेनड्राइव्हवरून काढलात तरी विंडोज तो पुन्हा तयार करतो, त्यामुळे त्याच्यामागे लागू नका. आणि विंडोजच्या स्वतःच्या डिस्कवर तर त्याला अजिबात हात लावू नका, तिथे रिस्टोअर पॉइंट (सिस्टम मागच्या स्थितीत नेण्यासाठीच्या नोंदी) असतात.