झोळीत काय ठेवावं, काय विकावं: ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला सटरफटर माल

२०१७ साली आलेल्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या लढायांवर भरपूर बोलून झालंय. माझ्या मते या गेमची खरी मजा झोळीत साठणाऱ्या किड्यामकोड्यांत, शिंगं-आतड्यांत आणि बियांत आहे. नवखे खेळाडू वाया घालवतात तोही हाच माल.

आधी काढे. एलिक्झिरला दोन प्रकारच्या वस्तू लागतात: किडा, सरडा किंवा बेडूक, आणि राक्षसाचा अवयव. गुण कोणता आणि किती जोरदार हे किड्यावर ठरतं, किती वेळ टिकणार हे मुख्यतः अवयवावर. बोकोब्लिन या राक्षसाच्या शिंगाने १ मिनिट १० सेकंद वाढतात, दाताने १ मिनिट ५० सेकंद, आतड्याने ३ मिनिटं १० सेकंद. भांड्यात पाचच वस्तू मावतात, तेव्हा चार किडे आणि एक आतडं हे माप धरा. उलटं केलंत तर काढा लांबलचक पण मिळमिळीत होतो. दोन वेगळ्या गुणांचे जिन्नस एकत्र आले की दोन्ही गुण रद्द. किडा किंवा अवयव फळं-मांसात पडला तर जो लगदा तयार होतो, त्याचं चित्रसुद्धा लाजेने धूसर केलेलं आहे.

ड्रॅगनचं शिंग याला अपवाद: ते जेवणातही चालतं आणि एकच तुकडा परिणाम ३० मिनिटांवर नेतो. चार माइटी बनाना आणि एक तुकडा टाकला की तिसऱ्या पातळीचं हल्लाबळ अर्धा तास मिळतं. बाण शिंगालाच लागला पाहिजे. अंगाला लागला तर खवला पडतो आणि ड्रॅगन वर निघून जातो. मात्र फॅरोश, नायड्रा आणि डिनराल या तिन्ही ड्रॅगनांचे दोन-दोन तुकडे चॅम्पियन्स ट्युनिक हा अंगरखा मजबूत करण्यासाठी आधी बाजूला काढा, मग केळी शिजवा. महत्त्वाचा स्वयंपाक ब्लड मूनच्या, म्हणजे लाल चंद्राच्या, रात्री ११:३० ते १२:१५ या वेळात करावा, तेव्हा जादा फायदा हमखास मिळतो.

चूचू या राक्षसाची निळी जेली विकू नका. जमिनीवर टाकून आगीच्या शस्त्राने मारली की ती लाल होते, बर्फाच्या शस्त्राने पांढरी, विजेच्या पिवळी. फटका एकच, दुसऱ्याला ती फुटून जाते.

लाकडाच्या मोळ्याही जाळू नका. हातेनो गावातलं घर घ्यायला ३००० रुपींबरोबर (रुपी हे गेममधलं चलन) ३० मोळ्या लागतात, आणि टॅरी टाउन उभं करायला ११०.

आता कोडी सोडवल्यावर कोरोक नावाची छोटी वनभुतं देतात त्या बिया. एकूण ९००, पण हेस्तू नावाच्या मोठ्या कोरोककडून झोळीचे सगळे कप्पे वाढवून घ्यायला ४४१ पुरतात. शस्त्रांच्या कप्प्यांचा भाव १, २, ३, ५, ८ असा चढत शेवटी ५५ वर जातो. पहिले पाच कप्पे १९ बियांत होतात, ते लगेच घ्या. नंतर ढालींकडे वळणं स्वस्त पडतं. कोडी साधी असली तरी गोड आहेत: दगडांच्या वर्तुळात एक दगड कमी, मूर्तींसमोर एक वाटी रिकामी आणि तिथे सफरचंद हवं. पैसे देऊन घ्यायच्या जादा भागातला कोरोक मुखवटा कोरोक जवळ असला की हलतो. सगळ्या ९०० जमवणाऱ्याला सोनेरी शेणाच्या आकाराची भेट मिळते. तिचा उपयोग म्हणजे हेस्तूला हवं तेव्हा नाचवणं. असा खोडसाळपणा मला आवडतो, पण बक्षिसाच्या आशेने ४४१ च्या पुढे जाऊ नका.

चिलखत मजबूत करून देणाऱ्या मोठ्या पऱ्यांचं दुखणं वेगळं. चौघींचे झरे उघडायचा दर क्रमाने १००, ५००, १००० आणि १०,००० रुपी आहे आणि चौथी उघडल्याशिवाय चिलखताची शेवटची पातळी मिळत नाही. हा शेवटचा टप्पा मला कंटाळवाणा वाटला. दुसरा दोष म्हणजे पाककृतींची वही नाही. ती २०२३ च्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये आली. या गेममध्ये जमलेल्या पदार्थाचे जिन्नस झोळीतल्या त्याच्या माहितीत दिसतात, खाऊन टाकण्याआधी तेवढे टिपून घ्या.