५जी वापरल्यानंतर: डाउनलोडचं कौतुक पुरे, अपलोडचं काय ते बोला

कंपनीने माझी तक्रार पुन्हा एकदा ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली, म्हणून हे लिहायला बसले. निराकरण कसलं झालं ते त्यांनाच ठाऊक. स्पीड कमी आहे असं मी कधी म्हटलंच नव्हतं. फोनमधून फाइल बाहेर जात नाही, असं म्हटलं होतं. या दोन वाक्यांतला फरक ज्याला कळेल असा माणूस त्या कस्टमर केअरमध्ये मला अजून भेटायचा आहे.

कुठला बँड, कुठला फोन, कुठला प्रोसेसर हे सगळं चघळून चोथा झालंय, त्यामुळे ते सोडते. सुरुवातीचे दिवस मजेत गेले हे मान्य. अपडेट म्हणता म्हणता उतरायची, व्हिडिओ मधूनच पुढे ढकलला तरी गोल फिरणारं चक्र दिसायचं नाही. ४०० एमबीपीएसचा (सेकंदाला ४०० मेगाबिट) आकडा पाहून मीही चार जणांना स्क्रीनशॉट पाठवला. हातातल्या एवढ्याशा पडद्यावर त्या ४००चं करायचं काय, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. ४के व्हिडिओचंसुद्धा २५ एमबीपीएसच्या आसपास भागतं.

माझं काम उलट्या दिशेचं आहे. फोनवर शूट करायचं, फोनवरच कापाकापी करायची आणि त्याच दिवशी फाइल वर चढवायची. फाइल साधारण २ जीबीची. घरात बसून मला अपलोड मिळत होतं ८ एमबीपीएस. एका बाइटचे आठ बिट, म्हणून २ जीबी म्हणजे १६ हजार मेगाबिट, भागिले माझे ८ एमबीपीएस, म्हणजे २ हजार सेकंद. ३३ मिनिटं! तीच फाइल उतरवून घ्यायची तर ४० सेकंद पुरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ५जीचे जे निकष २०१७ मध्ये ठरवले, त्यांत डाउनलोडचा कमाल वेग २० जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस) आणि अपलोडचा १० आहे. दाट वस्तीतल्या सामान्य वापरकर्त्यासाठी १०० आणि ५० एमबीपीएस. म्हणजे दोन्हीकडे निम्मं. माझ्या हाती आला पन्नासावा हिस्सा.

‘मी काही अपलोड करत नाही, मला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्यांनी व्हिडिओ कॉल आठवावा. समोरचे मला लख्ख दिसतात आणि मी त्यांना तोंड उघडं ठेवून थिजलेली दिसते. शिवाय डाउनलोडलाही अपलोड लागतंच. आलेल्या डेटाची पोच फोनला सतत परत पाठवावी लागते. मोठी फाइल वर जात असली की त्या पोचपावत्या तिच्यामागे रांगेत अडकतात आणि साधं वेबपेज उघडायलाही ताटकळावं लागतं. म्हणजे फाइल जाईपर्यंतच्या त्या ३३ मिनिटांत माझे ४०० एमबीपीएससुद्धा जवळजवळ बिनकामाचे.

कस्टमर केअरकडे यावर एकच उपाय: ‘मॅडम, स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा.’ पाठवला. ‘स्पीड तर उत्तम आहे.’ अपलोडचा आकडा बघा म्हटलं, तर ‘दुसऱ्या खोलीत जाऊन परत टेस्ट करा.’ आता यातली गंमत बघा. ४०० एमबीपीएसवर दहा सेकंद टेस्ट चालली की अर्धा जीबी डेटा उडतो. तो जातो माझ्या कोट्यातून. तक्रार सिद्ध करायची त्यांच्यासाठी आणि डेटा जाळायचा मी! तो परत जमा करा असं लेखी मागितलं, त्याला उत्तर आलं नाही. नंतर मी टेस्ट करायचीच सोडून दिली. फाइल लावायची आणि घड्याळ बघायचं, हीच टेस्ट.

कारण शेवटी माझं मीच शोधलं. वेगवान ५जी बहुतेक ठिकाणी ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, चालतं. तिथे जाण्यासाठी आणि येण्यासाठी वेगळी फ्रिक्वेन्सी नसते. एकाच फ्रिक्वेन्सीवर वेळ वाटून घेतात, आणि नेहमीच्या वाटणीत साधारण तीन चतुर्थांश वेळ डाउनलोडला जातो. उरलेल्यात आपण. एकट्या कंपनीला ही वाटणी सहज बदलताही येत नाही, कारण शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या कंपनीशी ताल जुळलेला नसेल तर दोघींच्या सिग्नलची गल्लत होते. हे सरळ सांगितलं असतं तर मी एवढी भांडले नसते.

पण खरं घोडं पेंड खातं ते ताकदीपाशी. या बँडच्या टॉवरवरच्या रेडिओची ताकद शेकडो वॅटपर्यंत जाऊ शकते. फोनची मर्यादा बहुधा ०.२ वॅट. टॉवर कर्ण्यातून बोलतो आणि फोनला नुसत्या गळ्याने उत्तर द्यायचं असतं. त्यामुळे टॉवरचं फोनला ऐकू येतं, दांड्या भरलेल्या दिसतात, पण फोनचं म्हणणं टॉवरपर्यंत धड पोचत नाही. त्यात ही फ्रिक्वेन्सी भिंतीत लवकर मरते, आणि खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर काचेतही. खिडकी उघडली की माझं अपलोड वाढायचं. थंडी-वाऱ्यात खिडकी उघडी टाकून फाइल पाठवायची, हे आमचं नव्या पिढीचं नेटवर्क.

मग वैतागून सेटिंगमध्ये जाऊन फोन फक्त ४जीवर ठेवला. डाउनलोड ४०० वरून ३५ वर आलं आणि अपलोड ८ वरून १८ वर गेलं. फाइल १५ मिनिटांत वर. ४जी माझ्याकडे खालच्या फ्रिक्वेन्सीवर येतं, ती भिंती ओलांडते आणि अपलोडसाठी तिथे स्वतंत्र पट्टा असतो. इथवर आल्यावर माझं मत पक्कं झालं होतं: घरात बसून काम करणाऱ्याने ५जीच्या नादी लागू नये, जुनाच प्लॅन चालवावा.

एवढं लिहून ठेवलं होतं, पण टाकायचं राहून गेलं. मधल्या काळात फोनला एक अपडेट आलं आणि ‘स्टँडअलोन ५जी’चा पर्याय चालू झाला, त्यामुळे वरचं मत अर्धं मागे घेते. आधीच्या प्रकारात ५जी हे ४जीच्या खांद्यावर बसलेलं असतं. फोनला दोन्ही रेडिओ जागे ठेवावे लागतात आणि सगळी बोलणी ४जीमार्फत चालतात. स्टँडअलोनमध्ये ४जीचा आधार लागत नाही. पर्याय चालू केला आणि घरात फोन ७०० मेगाहर्ट्झच्या ५जीवर जाऊन बसला. डाउनलोड ७०, अपलोड २५. फाइल ११ मिनिटांच्या आत! खिडकी बंद! व्हिडिओ कॉलवर मी हलताना दिसते असं लोक सांगतात.

म्हणजे टेस्टचा मोठा आकडा सहा पटींनी घसरला आणि माझं काम तिपटीने लवकर व्हायला लागलं. आता खरं तर कंपनीने मला फोन करून ‘मॅडम, तुमचा स्पीड कमी झालाय’ म्हणायला हवं, त्यांच्या हिशेबाने. ज्यांच्या फोनमध्ये हा पर्याय आहे त्यांनी एकदा चालू करून बघा. तुमच्या भागात खालच्या बँडवर ५जी नसेल तर मात्र पहिले पाढे पंचावन्न. उलट तेव्हा ४जीचा अपलोडचा आधारही जातो, त्यामुळे आधीचंच बरं होतं असंही वाटू शकेल.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी आधी दुपारीच मान टाकायची, आता संध्याकाळपर्यंत जाते, फोनही तेवढा तापत नाही. कोपऱ्यातल्या ‘५जी’ चिन्हावर विश्वास ठेवू नका. आधीच्या प्रकारात टॉवरला ५जी जोडता येतं एवढ्या आधारावरही काही नेटवर्क ते चिन्ह दाखवतात, डेटा प्रत्यक्षात ४जीवरून जात असला तरी. चिन्हापेक्षा फोनच्या आतल्या माहितीत सिग्नलचा डीबीएममधला (सिग्नलची ताकद मोजायचं माप) आकडा बघा. माझ्याकडे ३.५ गिगाहर्ट्झवर तो उणे ११२ दाखवायचा. उणे ११०च्या खाली, म्हणजे उणे १११, ११२ असा गेला की अपलोडची आशा सोडावी. आणि हॉटस्पॉट मंद वाटत असेल तर नेटवर्कला शिव्या घालण्याआधी तो २.४ गिगाहर्ट्झवर नाही ना ते पाहा, बऱ्याच फोनवर तो तिथेच असतो.

प्लॅनचं नूतनीकरण तोंडावर आहे. कंपनीचा आग्रह आहे की वरचा, ‘आणखी वेगवान’ प्लॅन घ्या. त्यात अपलोड किती मिळेल असं विचारलं, तर डाउनलोडचा आकडा दोनदा वाचून दाखवला. अपलोडचा आकडा प्लॅनच्या माहितीत कुठेच छापलेला नाही. तो छापला जाईपर्यंत मी सगळ्यात स्वस्त ५जी प्लॅनवर आहे.