आत्मिक आरोग्याचं 3 दिवसांचं रिट्रीट – माझा अनुभव
खरं सांगायचं तर मी जबरदस्तीनेच गेले होते, बहिणीने फॉर्म भरला म्हणून. मला काय झालंय, असंच डोक्यात होतं.

पहिलं सेशन नुसतं ओळखपाळखीचं, बोअर. पण दुसऱ्या दिवशी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला (अध्याय 5) बेथेस्दाच्या तळ्याजवळचा माणूस घेतला (पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, असं तिथे मानायचे) आणि तिथेच मी अडकले. 38 वर्षं आजारी, आणि येशू त्याला विचारतो काय तर तुला बरं व्हायचंय का? आणि तो हो म्हणतच नाही हो, मला पाण्यात सोडायला कोणी नाही, माझ्या आधी दुसराच उतरतो, हीच तक्रार! अगदी मीच. एका माणसावरचा राग मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलाय की तो गेला तर बोलायला काय उरणार अशी भीती वाटते.

मग नामान, बायबलमधलाच कुष्ठरोग झालेला सेनापती. बरं होण्यासाठी यार्देन नदीत 7 वेळा बुडी मार एवढंच संदेष्ट्याने सांगितलं तर साहेब चिडले, आपल्या नद्या काय वाईट आहेत म्हणून. आपल्यालाही बरं व्हायचं असतं पण आपल्या पद्धतीने.

खटकलेली गोष्ट म्हणजे शेवटच्या प्रार्थनेत माइकवरून सगळ्यांना घाई करत होते, आत्ताच क्षमा करा, आत्ताच. असं होतं का कधी? शिवाय डॉक्टरांची औषधं चालू ठेवा हे स्पष्ट सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

5 पैकी 4 स्टार. राग अजून आहे, पण आता निदान प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घेते.